पाणी आणि वजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आहारसल्ल्याच्या कामात मला सर्वांत जास्त विचारलं जातं ते पाण्याबद्दल. प्रश्न साधे असतात, पण त्यांच्यामागे बरंच काही असतं. कुणी महिनाभर चार-चार लिटर पाणी पिऊन थकलेलं असतं, कुणाला घरचे जेवताना घोटभरही पिऊ देत नाहीत. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत. एखाद्या उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे. किडनी, हृदय किंवा लिव्हरचा आजार असेल तर मात्र आधी प्रश्न १४ वाचा, मग बाकीचं.

१. पाणी जास्त प्यायलं की वजन कमी होतं का? हो की नाही, एवढंच सांगा.

खाणंपिणं आहे तसंच ठेवून वर नुसतं पाणी वाढवलं, तर नाही. पाण्यात कॅलरी नाहीत आणि चरबी जाळणारंही काही नाही.

पाण्याचा उपयोग दोन ठिकाणी होतो. गोड पेयाच्या जागी पाणी आलं की तेवढ्या कॅलरी थेट वाचतात (प्रश्न ७). जेवणाच्या अर्धा तास आधी पाणी प्यायलं, तर काही जणांचं जेवण थोडं कमी होतं (प्रश्न ४). दोन्हीकडे वजन उतरतं ते कमी खाल्ल्या-प्यायल्यामुळे. हे एकदा लक्षात आलं की बाजारातली आणि फॉरवर्डमधली निम्मी पाणी-औषधं आपोआप बाजूला पडतात.

२. पाण्यानं चयापचय ३० टक्क्यांनी वाढतो असं सगळीकडे वाचते. ते खोटं आहे का?

आकडा खोटा नाही, पण त्याची पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. २००३ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी १४ निरोगी माणसांना अर्धा लिटर पाणी देऊन त्यांचा ऊर्जाखर्च मोजला. तो अर्ध्या-पाऊण तासात जवळपास ३० टक्क्यांनी वाढला आणि मग उतरला. या सगळ्यातून जास्तीच्या जळल्या साधारण २४ कॅलरी, म्हणजे एका साध्या ग्लुकोज बिस्किटाएवढ्या.

२००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्गच्या संशोधकांनी हेच पुन्हा तपासलं, तेव्हा साध्या तापमानाच्या पाण्यानं ऊर्जाखर्च वाढलाच नाही. ३ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यानं तासाभरात जेमतेम साडेचार टक्के वाढला. म्हणजे बर्लिनचा मोठा आकडा दुसऱ्यांना सापडला नाही. तो खरा धरला, तरी दिवसभरात २ लिटर पाण्यानं शंभराच्या आतच कॅलरी जळतील, आणि संध्याकाळच्या चहाबरोबरच्या चार बिस्किटांत त्या परत येतील.

३. फ्रीजचं पाणी प्यायलं तर शरीराला ते गरम करावं लागतं ना? मग त्यात कॅलरी जातातच की!

जातात, आणि हिशेब शाळेतल्या विज्ञानाचाच आहे. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते. (आहारात आपण जिला नुसतं ‘कॅलरी’ म्हणतो, ती हीच.) फ्रीजमधलं ५ अंशांचं अर्धा लिटर पाणी ३७ अंशांवर आणायला १६ कॅलरी लागतील. प्रत्यक्षात त्याहून कमी जातात, कारण शरीर तेवढ्यापुरती त्वचेतून बाहेर जाणारी उष्णताही वाचवतं. माठातल्या पाण्याचा हिशेब तर आणखीच लहान.

उलट बाजूचाही समज मला बरेचदा ऐकू येतो, की गार पाण्यानं पोटातलं तेल-तूप थिजतं आणि त्याची चरबी होते. तसं होत नाही. प्यायलेलं पाणी जठरात थोड्याच वेळात शरीराच्या तापमानाजवळ येतं. गार, कोमट, साधं, जे तुम्हाला रुचतं आणि घशाला सोसतं ते प्या. वजनाच्या दृष्टीनं फरक नाही.

४. पाणी जेवणाआधी प्यायचं, जेवताना की जेवणानंतर?

वजन कमी करायचं असेल तर आधी. पाण्याच्या बाबतीत त्यातल्या त्यात बरा पुरावा असलेली हीच एक युक्ती आहे.

अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ५५ ते ७५ वयाच्या लोकांवर झालेला एक प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना कमी कॅलरींचा आहार दिला होता. निम्म्यांनी त्याच्या जोडीला प्रत्येक मुख्य जेवणाआधी अर्धा लिटर पाणी प्यायलं. १२ आठवड्यांनी पाणी पिणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा साधारण २ किलो जास्त उतरलं होतं. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये ८४ लठ्ठ व्यक्तींवर असाच प्रयोग झाला: जेवणाच्या अर्धा तास आधी अर्धा लिटर साधं नळाचं पाणी. तिथे फरक सरासरी १.३ किलोचा निघाला.

तीन महिन्यांत दीड-दोन किलो हे फार नाही, पण फुकट आहे आणि निरोगी माणसाला त्यात धोका नाही. तरुणांत मात्र हा परिणाम कमी किंवा अजिबात दिसत नाही. वय वाढतं तसं जठर हळू रिकामं होतं, त्यामुळे पाणी पोटात जास्त वेळ राहतं, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणून पंचविशीतल्या मुलानं विचारलं, तर मी त्याला आधी त्याच्या कोल्ड्रिंकबद्दल विचारते. साठीतल्या काकूंना मात्र हे जरूर करून बघा म्हणते.

वाग्भटांच्या ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातही सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात पाण्याच्या वेळेबद्दल नेमकं सांगितलं आहे: जेवणाच्या मध्ये पाणी पिणारा सम राहतो, शेवटी पिणारा स्थूल होतो, आणि आधी पिणारा कृश होतो. शेवटच्या पाण्यानं स्थूलता येते, याला आजच्या प्रयोगांचा आधार मला माहीत नाही. आधीच्या पाण्याबद्दलचं निरीक्षण मात्र बर्मिंगहॅमच्या निष्कर्षाच्या दिशेनंच जातं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

एक पथ्य: अर्धा लिटर पाणी एका दमात घटाघटा पिऊ नका. दहा मिनिटं घ्या. मळमळलं तर एका पेल्यावर थांबा.

५. सासूबाई म्हणतात, जेवताना पाणी प्यायलं की जठराग्नी विझतो आणि पोट सुटतं. मी जेवताना घोटभरही पीत नाही. बरोबर करते ना?

एवढं कडक राहायची गरज नाही. जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की एखाद्या पेलाभर पाण्यानं पचन अडत नाही. पाण्यानं ते थोडं पातळ झालं, तरी जठर गरजेनुसार आणखी आम्ल सोडतं. पोट सुटतं ते जास्तीच्या कॅलरींनी आणि बसून राहण्यानं.

त्यांच्या म्हणण्यात एक खरं आहे. घास नीट न चावता पाण्याबरोबर ढकलायची सवय असेल, तर जेवण भराभर आणि जास्त होतं. शिवाय ज्यांना आम्लपित्ताचा किंवा जळजळीचा त्रास आहे, त्यांना भरल्या पोटावर तांब्याभर पाणी प्यायल्यावर आंबट ढेकर येतात. त्यांनी जेवणावर कमीच प्यावं. बाकीच्यांनी भाकरीबरोबर चार घोट पाणी निर्धास्त घ्यावं.

६. सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात लिंबू-मध घेते. जिऱ्याचं पाणी, मेथीचं पाणीही करून झालं. यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?

चरबी वितळवणारं यातलं कोणतंच नाही. कोमट पाण्यानं सकाळी पोट साफ व्हायला मदत होते, हा अनेकांचा अनुभव आहे आणि तेवढा फायदा घ्यायला हरकत नाही. मात्र एक चमचा मध म्हणजे २० कॅलरी, साखरेच्या चमच्याएवढ्याच. काही जण दोन-तीन चमचे घालतात आणि ‘औषध’ म्हणून तो हिशेबात धरत नाहीत. लिंबू रोज घेत असाल तर नंतर साध्या पाण्यानं चूळ भरा, आम्लानं दातांवरचं आवरण झिजतं.

जिरं, ओवा, बडीशेप यांच्या पाण्यानं गॅस सुटल्यासारखं वाटतं, पोट हलकं होतं. तो हलकेपणा चरबीचा नसतो. मेथीचं पाणी गाळून प्यायलं, तर तिचा खरा गुण म्हणजे चोथा, तो गाळणीतच राहतो. भिजलेले दाणे चावून खा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगून खा, कारण मेथीनं साखर थोडी उतरू शकते.

तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याबद्दल आणि महागड्या अल्कलाइन (क्षारधर्मी) पाण्याबद्दलही विचारणा होते. वजनाशी दोन्हींचा संबंध नाही. अल्कलाइन पाणी जठरातल्या आम्लात पडताच त्याचा तो गुण संपतो. त्याचं हजारो रुपयांचं यंत्र हप्त्यावर घ्यायच्या विचारात असाल, तर कृपा करून घेऊ नका.

७. चहा, ताक, सरबत, नारळपाणी हे ‘पाण्यात’ धरायचं का?

द्रव म्हणून धरा. चहा-कॉफीनं पाणी बाहेर फेकलं जातं असं म्हणतात, पण नेहमीच्या प्रमाणात त्यातलं बहुतेक पाणी अंगी लागतं. वजनासाठी मात्र त्या कपात आणखी काय आहे ते बघायला हवं. माझ्या मते पाणी आणि वजन यांचा सगळा प्रश्न इथेच येऊन थांबतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपला घरचा चहा घ्या. दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम, ४० कॅलरी. दूध धरून कप सत्तर-ऐंशीच्या घरात जातो. सकाळी उठल्यावर एक, नाश्त्याबरोबर एक, ऑफिसात ११ वाजता आणि ४ वाजता, घरी आल्यावर पुन्हा एक. पाच कपांच्या साडेतीनशे ते चारशे कॅलरी झाल्या, आणि ‘मी तर काहीच खात नाही’ हे म्हणणंही खरंच असतं, कारण हे सगळं प्यायलेलं आहे. यातले दोन कप पाण्यावर गेले आणि उरलेल्यांत साखर एक चमचा झाली, तर दिवसाला दोनशेच्या आसपास कॅलरी वाचतात.

कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या बाटलीत तीसेक ग्रॅम साखर असते, म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. रसवंतीतला उसाचा रसही मोठ्या ग्लासला शंभर ते दीडशेपर्यंत जातो. तो नैसर्गिक आहे हे खरं, पण साखर ती साखरच. कोकम सरबत करताना बाटलीवर काय लिहिलंय ते बघा. अमृत कोकम साखरेत मुरवलेलं असतं, तर आगळ मिठातलं असतं. चमचाभर आगळ, गार पाणी, जिरेपूड घातलं की जवळजवळ बिनकॅलरींचं सरबत होतं (रक्तदाब असेल तर आगळातलं मीठ लक्षात ठेवा). पन्ह्यात गूळ हात राखून घाला. पातळ ताक उत्तम, ग्लासला तीस-चाळीस कॅलरी आणि वर थोडी प्रथिनं. शहाळ्याचं पाणी मध्यम, एका नारळाच्या पन्नासेक कॅलरी. उन्हातून आल्यावर जरूर प्या, मात्र दिवसाला तीन-तीन नकोत.

तुमच्या रोजच्या पेयांची यादी एका कागदावर लिहून बघा. ‘किती पाणी पिऊ’ या प्रश्नापेक्षा ‘कशाच्या ऐवजी पिऊ’ या प्रश्नाचं उत्तर त्या यादीत लगेच सापडेल.

८. मग साखर नसलेलं डाएट किंवा झिरो कोल्ड्रिंक चालेल?

रोज साखरेचं कोल्ड्रिंक पिणाऱ्याला त्यावरून उतरण्याची पायरी म्हणून चालेल. पाणी की डाएट पेय, याची तुलना करणाऱ्या प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत. काहींत पाण्याची सरशी झाली, काहींत डाएट पेयाची. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडव्यांवर अवलंबून राहू नये, असा सल्ला दिला. जे आधीपासून पीतच नाहीत, त्यांनी ‘डाएट’ शब्दासाठी सुरू करायचं काही कारण नाही.

९. दिवसाला नेमकं किती पाणी? आठ ग्लास, तीन लिटर, की वजनाला तीसनं गुणायचं?

सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही. आठ ग्लासांचं मूळ बहुधा १९४५ च्या एका अमेरिकी शिफारशीत आहे. त्यात प्रौढांसाठी दिवसाला अडीच लिटर म्हटलं होतं, आणि लगेच पुढे, यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं असंही लिहिलं होतं. पहिलं वाक्य जगभर गेलं, दुसरं मागे राहिलं.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० मध्ये बायकांसाठी २ लिटर आणि पुरुषांसाठी अडीच लिटर पुरेसं धरलं, तेही अन्नातलं पाणी मिळून आणि सौम्य हवामानात. आपल्याकडे वरण-भात, पातळ भाज्या, ताक यांतून बरंच पाणी जातं, पण घामही जास्त जातो. पुण्यात डिसेंबरमध्ये एसीत बसणाऱ्याला दीड लिटर पुरेल. चंद्रपूर-अकोल्यात मे महिन्यात उन्हात काम करणाऱ्याला चार-पाच लिटरही लागेल, आणि त्याला जोडीला मीठही लागेल.

आकड्यापेक्षा दोन खुणा बघा. तहान लागली की प्या, आणि लघवीचा रंग फिकट पिवळा आहे ना ते बघा. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनं लघवी गर्द पिवळी होते, ते मात्र पाण्याच्या कमतरतेचं लक्षण नाही. साठीनंतर तहानेची जाणीव मंदावते, म्हणून आईवडिलांना वेळ ठरवून द्या.

मोजायचंच असेल तर ‘ग्लास’ मोजू नका, कारण घरातलं फुलपात्र, स्टीलचा पेला आणि हॉटेलातला ग्लास सारखे नसतात. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या धुतलेल्या पिशवीनं एकदा आपला तांब्या मापून घ्या, मग तांब्याच्या हिशेबात चाला.

१०. जेवणाआधी पाणी आणि जेवणात सूप किंवा आमटी, परिणाम एकच का?

नाही, आणि हे फारसं कुणाला माहीत नसतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात १९९९ मध्ये एक सुंदर प्रयोग झाला. बायकांना जेवणाआधी कधी भात-चिकनचा एक पदार्थ दिला, कधी तोच पदार्थ आणि सोबत ग्लासभर पाणी, आणि कधी तेवढंच पाणी त्या पदार्थात मिसळून केलेलं सूप. सूप प्यायलेल्यांनी पुढचं जेवण बरंच कमी घेतलं, साधारण शंभर कॅलरींनी. पाणी बाजूला ठेवून प्यायल्यानं तेवढा फरक पडला नाही. अन्नात शिजून मुरलेलं पाणी पोट जास्त वेळ भरलेलं ठेवतं.

आपल्या स्वयंपाकात हे आयतंच आहे. टोमॅटोचं सार, कुळथाचं पिठलं पातळ करून, मुगाचं कढण, कढी, कटाची आमटी (पुरणपोळीशिवायच्या दिवशी!), तांदळाची पेज. जेवायला बसताना आधी वाटीभर सार प्या, मग पोळी-भाजी घ्या. तर्रीदार रश्शात आणि नारळाच्या दुधात केलेल्या सोलकढीत पाण्याबरोबर तेल किंवा स्निग्धांशही येतो, तो धरून चला.

११. भूक लागली असं वाटतं तेव्हा खरं तर तहान लागलेली असते. हे खरं आहे?

हे वाक्य फार पसरलंय, त्यामागे भक्कम पुरावा नाही. भूक आणि तहान यांचे संकेत वेगळे असतात. तरी जेवून तासच झालाय आणि डबे उघडावेसे वाटतायत, तर ग्लासभर पाणी पिऊन पंधरा मिनिटं थांबायला काय हरकत आहे? ती हुक्की असेल तर जाईल. खरी भूक असेल तर पाण्यानं ती मारत बसू नका, खा. दुपारी चारला पाण्यावर काढणाऱ्यांचं रात्री नऊला भान सुटतं, हे मी सारखं बघते.

१२. पाणी वाढवल्यावर काट्यावर वजन वाढलेलं दिसलं! आणि डाएटच्या पहिल्या आठवड्यात मात्र अडीच किलो उतरलं होतं. हे काय आहे?

दोन्ही वेळा काट्यानं पाणीच मोजलं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. पिऊन लगेच काट्यावर उभं राहिलात तर तेवढं दिसणारच. काही तासांत ते निघून जातं.

पहिल्या आठवड्याचं असं: स्नायू आणि यकृतात साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. प्रौढ माणसात तो चारशे-पाचशे ग्रॅम असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं, विशेषतः भात-पोळी, एकदम कमी केली की हा साठा आणि त्याचं पाणी जातं. नंतर एका लग्नात जेवलात की ते परत येतं आणि माणूस हताश होतो. होऊ नका. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. एका जेवणात तेवढी चढत नाही आणि एका आठवड्यात अडीच किलो उतरतही नाही.

खारट खाल्ल्यावर, पाळीच्या आधी आणि लांबच्या प्रवासानंतरही पाणी साचून वजन किलो-दोन किलो वर दिसतं. आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा, आणि महिन्याचा कल बघा.

१३. भरपूर पाणी प्यायलं की चरबी लघवीतून किंवा घामातून निघून जाते ना?

चरबी बहुतेक श्वासावाटे जाते. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी २०१४ मध्ये याचा हिशेब मांडला: १० किलो चरबी पूर्ण जळाली, तर तिचे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासातून जातात आणि १.६ किलोचं पाणी होतं. ते पाणी लघवी, घाम, श्वास यांतून बाहेर पडतं. पण चरबी आधी जळावी लागते, आणि ती जळते ऊर्जेची गरज पडली की. जास्त पाणी पिऊन जास्त लघवी केली, तर फक्त प्यायलेलं पाणीच बाहेर जातं. घाम काढणारे पट्टे आणि प्लास्टिकचे जॅकेट घालून पळणं याचंही तेच, शिवाय त्यात उष्माघाताचा धोका आहे.

१४. कुणी पाणी वाढवू नये?

हृदय कमकुवत असणाऱ्यांनी, किडनीचा जुना आजार किंवा डायलिसिस चालू असणाऱ्यांनी, यकृताच्या आजारानं पोटात पाणी होणाऱ्यांनी. डायलिसिसच्या रुग्णांना डॉक्टर साधारणपणे आदल्या दिवशी झालेल्या लघवीइतकं अधिक ५०० मिली असा हिशेब देतात. त्यात आमटी, चहा, बर्फ सगळं येतं. किडनीच्या रुग्णांनी शहाळ्याचं पाणीही विचारल्याशिवाय पिऊ नये, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा नैराश्यावरची काही औषधं चालू असतील, तर रक्तातलं सोडियम सहज उतरू शकतं. अशांनी, विशेषतः वय साठच्या पुढे असेल तर, मनानं चार लिटरवर जाऊ नये. लिथियम (मनोविकारावरचं एक औषध) घेणाऱ्यांनी पाणी आणि मीठ एकदम वाढवू किंवा तोडू नये. या औषधांमुळे पाणी किती, हे ठरवायचं काम तुमच्या डॉक्टरांचं आहे.

१५. निरोगी माणसालाही जास्त पाण्यानं धोका असतो का?

थोड्या वेळात फार प्यायलं तर असतो. किडनी तासाला जास्तीत जास्त पाऊण ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकते. त्याहून वेगानं पाणी आत गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं (ते लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोलच्या दरम्यान असावं लागतं), पेशी फुगतात आणि मेंदूला कवटीत फुगायला जागा नसते. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं वागणं, झटके, असा तो क्रम असतो. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो इथे एका रेडिओ केंद्राच्या पाणी पिण्याच्या स्पर्धेनंतर एका तरुण आईचा असाच मृत्यू झाला. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. शर्यतीत वजन वाढलं होतं, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी प्यायले होते, त्यांच्यात हे प्रमाण जास्त होतं.

‘पाणी चॅलेंज’ घेऊ नका. दिवसाचं पाणी दिवसभरात प्या. रात्रीचं शेवटचं मोठं पाणी झोपायच्या दोनेक तास आधी घ्या, कारण तीनदा उठून झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि वजनाचं काम उलटं होतं.

१६. मी दिवसभर बाहेर असते, स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून पाणीच पीत नाही. घरी आल्यावर एकदम दोन लिटर पिते. चालेल का?

हा प्रश्न मला फक्त बायका विचारतात. शिक्षिका, बस कंडक्टर, भाजीवाल्या, पोलीस, विक्रीचं काम करणाऱ्या मुली. सकाळी सहाला डबे भरून निघतात, दुपारी दोन घोट घशाला लावतात. संध्याकाळी डोकं ठणकत घरी येतात, आणि त्या डोकेदुखीवर दोन कप गोड चहा होतो. लघवीची जळजळ, बद्धकोष्ठता, मूतखडा हे सगळं मागून येतं. मुंबईत ‘राइट टू पी’ ही चळवळ बायकांना स्वच्छतागृहाच्या हक्कासाठी चालवावी लागली. त्यामुळे ‘पाणी पीत जा’ एवढं सांगून मी मोकळी होऊ शकत नाही. दोष तुमचा नाही.

तूर्त जमेल ते असं: घरातून निघायच्या तासभर आधी अर्धा लिटर प्या आणि निघताना जाऊन या. कामाच्या जागी ज्या वेळी स्वच्छ जागा मिळण्याची खात्री असते, तिच्या तासभर आधी पुढचा पेला. काकडी, संत्रं, टरबूज डब्यात ठेवा. घरी आल्यावर एकदम दोन लिटर नको, दोन-तीन तासांत सावकाश प्या. शाळेत किंवा ऑफिसात चार जणी मिळून स्वच्छतागृहासाठी लेखी अर्ज करा. एकटीनं बोललं की टाळलं जातं.

१७. मुलाचं वजन जास्त आहे. त्याला पाणी किती पाजू?

मोजून पाजू नका, फक्त घरातून गोड पेयं हलवा. जर्मनीत डॉर्टमुंड आणि एसेनमधल्या शाळांत पाण्याची कारंजी बसवून मुलांना पाण्याबद्दल धडे दिले. वर्षभरानं त्या शाळांत जादा वजनाचा धोका ३१ टक्क्यांनी कमी निघाला. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मात्र लठ्ठ मुलं त्यामुळे बारीक झाली, असं त्यात दिसलं नाही. केरळच्या काही शाळांत २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू झाली, तसं काही तुमच्या शाळेत सुचवून बघा. डब्याबरोबर बाटलीत साधं पाणी द्या, चॉकलेटची पावडर किंवा ग्लुकोज घातलेलं नको.

१८. एकादशी निर्जळी करते, घरी येणारे काही मित्र रोजे ठेवतात. त्यानं वजन उतरतं का?

त्या दिवशी काट्यावर जे कमी दिसतं ते बहुतांश पाणी असतं (प्रश्न १२). श्रद्धेनं करत असाल तर जरूर करा, पण वजनासाठी पाणी तोडू नका. रोज्यात इफ्तार ते सहरी या वेळेत पाणी थोडं थोडं विभागून प्या आणि इफ्तारला गोड सरबताचा एकच ग्लास ठेवा. निर्जळी सोडतानाही आधी पाणी, मग साबुदाणा. मधुमेह, गरोदरपण, अंगावर पाजणं चालू असेल तर निर्जळी नको.

१९. वजनासाठी आठवड्याचं इंजेक्शन सुरू आहे. तहानच लागत नाही.

सेमाग्लुटाइड, तिरझेपटाइड यांसारख्या औषधांनी भूक मंदावते, आणि काहींची तहानही. त्यात उलट्या किंवा जुलाब झाले तर पाणी झपाट्यानं उतरतं आणि किडनीवर ताण येतो. तुमच्यासाठी ‘तहान लागली की प्या’ हा नियम पुरेसा नाही. घड्याळ लावून दर तासाला अर्धा पेला प्या. प्रश्न ४ मधली अर्ध्या लिटरची युक्ती मात्र तुम्ही करू नका. औषधानं जठर आधीच हळू रिकामं होत असतं, वर एवढं पाणी घेतलं तर मळमळ वाढेल आणि दोन घास प्रथिनांचे जायचे तेही जाणार नाहीत. उलट्या थांबत नसतील किंवा लघवी फार कमी होत असेल, तर पुढच्या डोसची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

२०. गेल्या दोन महिन्यांत मला सारखी तहान लागते, चार-पाच लिटर पाणी होतं, आणि वजनही आपोआप सहा किलो उतरलंय. पाण्याचाच परिणाम ना?

नाही. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्तातली साखर तपासून घ्या, सोबत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी). सारखी तहान, सारखी लघवी आणि प्रयत्न न करता उतरणारं वजन, ही मधुमेह हाताबाहेर गेल्याची नेहमीची लक्षणं आहेत. साखर लघवीतून जाताना पाणी सोबत नेते म्हणून तहान लागते, आणि शरीराला साखर वापरता येत नाही म्हणून चरबी आणि स्नायू झिजतात. साखर ठीक आली तर थायरॉइड आणि बाकीच्या तपासण्या डॉक्टर सांगतील. पोटात दुखणं, उलट्या, जोरजोरात श्वास किंवा गुंगी यांतलं काहीही जोडीला असेल, तर सकाळची वाट बघू नका, आत्ताच दवाखान्यात जा.